संदेश मोजताना: एनसीव्हीचं टेबल आणि कॉर्टिसॉलच्या नळ्या

मज्जातंतूतून जाणारा संदेश मोजायचा म्हटलं की आधी थर्मामीटर काढायचा, विजेचं यंत्र नंतर. हाताच्या त्वचेचं तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर आम्ही एनसीव्ही, म्हणजे नर्व्हला झटका देऊन संदेशाचा वेग मोजण्याची तपासणी, सुरूच करत नाही. पायाला ३० अंश चालतात. तापमान एका अंशाने उतरलं की तंतूचा वेग सेकंदाला साधारण दीड ते अडीच मीटरने कमी होतो आणि शेवटच्या टप्प्याला लागणारा वेळ सुमारे ०.२ मिलिसेकंदाने वाढतो. म्हणजे २७ अंशांचा गार हात तसाच टेबलावर घेतला, तर धडधाकट माणसाचा वेगही दहाएक मीटरने कमी भरतो आणि रिपोर्टवर न्यूरोपथी, म्हणजे मज्जातंतूंचा आजार, लिहिली जाते. तोच हात पंधरा मिनिटं कोमट पाण्यात ठेवून, कोरडा करून पुन्हा मोजला की आजार गायब.

गारठ्याचा हा परिणाम तंतूच्या भिंतीतल्या सोडियमच्या दारांवर होतो. थंडीत ती उघडायला उशीर करतात, म्हणून वेग घटतो. पण मिटायलाही उशीर करतात, म्हणून सोडियम जास्त वेळ आत येत राहतो आणि झटक्याचं उत्तर म्हणून पडद्यावर उमटणारी लाट उंच आणि रुंद होते. खऱ्या आजारात असं सहसा होत नाही. तिथे वेग कमी असेल तर लाट खुजी किंवा पसरट असते. त्यामुळे वेग कमी आणि लाट मात्र नेहमीपेक्षा दणदणीत, असं चित्र दिसलं की आम्ही यंत्राकडे बघत नाही, त्या माणसाची बोटं हातात घेऊन बघतो.

या तपासणीचं नाव नर्व्ह कंडक्शन स्टडी, रोजच्या बोलण्यात एनसीव्ही. तंतू शांत असतो तेव्हा त्याच्या आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. हा फरक उणे ५५ च्या आसपास आला की सोडियमची दारं एकदम उघडतात, आतली बाजू क्षणभर धन होते, मग पोटॅशियम बाहेर पडून सगळं पूर्ववत होतं. एका जागी हा सगळा प्रकार मिलिसेकंदभर चालतो. तारेतून वीज वाहते तसं इथे काही वाहत जात नाही. प्रत्येक टप्प्यावर संदेश नव्याने तयार होतो. मायलिनचं आवरण नसलेल्या बारीक तंतूत तो सेकंदाला अर्धा ते दोन मीटर एवढाच सरकतो. आवरण असलेल्या तंतूत दोन आवरणांमधल्या उघड्या फटीवरून पुढच्या फटीवर उडी मारत जातो, आणि हाताच्या मोठ्या नर्व्हमध्ये सेकंदाला ५० ते ६५ मीटर वेग गाठतो.

हा वेग कधी मोजताच येणार नाही, असं योहानेस म्यूलर यांच्यासारख्या मातब्बर शरीरशास्त्रज्ञाचं मत होतं. त्यांचेच विद्यार्थी हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये तो बेडकाच्या पायावर मोजून दाखवला. युक्ती सोपी होती: एकाच तंतूला स्नायूजवळ आणि स्नायूपासून दूर अशा दोन जागी झटका द्यायचा, स्नायू आकसायला लागलेल्या वेळांतला फरक काढायचा आणि दोन जागांमधल्या अंतराला त्याने भागायचं. उत्तर सेकंदाला पंचवीस ते चाळीस मीटरच्या घरात आलं. आज यंत्रं बदलली, बेडकाच्या जागी माणूस आला, पण हिशेब तोच आहे.

मनगटातून तळहाताकडे जाणाऱ्या मीडियन नर्व्हवर हा हिशेब कसा होतो ते क्रमाने सांगतो. माणूस पाठीवर निजलेला, तळहात वर, बोटं सैल. अंगठ्याच्या बुडाशी मांसल उंचवटा आहे, त्यातला एक छोटा स्नायू अंगठ्याला तळहातापासून वर उचलतो. त्या स्नायूच्या बरोबर मध्यावर पहिला इलेक्ट्रोड. दुसरा तिथून तीन-चार सेंटिमीटर पुढे, अंगठ्याच्या सांध्यावर, जिथे खाली स्नायू नाही. ग्राउंड हाताच्या पाठीवर. त्याआधी त्वचा स्पिरिटने पुसून थोडी खरवडायची, कारण क्रीम, घाम आणि मेलेली कातडी विजेला अडवतात. जेल बेताचं. दोन इलेक्ट्रोडमधलं जेल एकमेकांना भिडलं की दोन्ही एकच होऊन बसतात आणि पडद्यावर जवळजवळ काहीच उमटत नाही.

मग स्टिम्युलेटर. त्याला दोन टोकं असतात, कॅथोड आणि अॅनोड. तंतू पेटतो, म्हणजे त्यात संदेश सुरू होतो, तो कॅथोडखाली, म्हणून कॅथोड हाताच्या पंजाकडे ठेवायचा आणि पहिल्या इलेक्ट्रोडपासून मोजून ८ सेंटिमीटरवर, मनगटाच्या मधल्या दोन दोऱ्यांसारख्या कंडरांमध्ये टेकवायचा. घाईत ही टोकं उलटी धरली गेली तर झटका अडीच-तीन सेंटिमीटर मागून निघतो, सगळ्या वेळा ०.३ ते ०.४ मिलिसेकंदाने लांबतात, आणि मनगटात नर्व्ह दबली आहे असा निष्कर्ष निघू शकतो. हाताखाली नवीन तंत्रज्ञ आला की आम्ही हे टोकांचं प्रकरण त्याला सगळ्यात आधी शिकवतो.

“हात ढिला सोडा. टिचकी मारल्यासारखं वाटेल आणि अंगठा आपोआप उडेल, तो धरून ठेवू नका,” एवढं सांगून प्रवाह शून्यापासून वाढवत न्यायचा. प्रत्येक झटका ०.१ किंवा ०.२ मिलिसेकंदाचा. पाच-सात मिलिअँपिअरला पडद्यावर लहानशी उचकी दिसते, मग लाट वाढत जाते, आणि साधारण वीस ते चाळीसच्या दरम्यान कुठेतरी वाढायची थांबते. इथे अनेकांचा गोंधळ होतो. एक तंतू एक तर पेटतो किंवा पेटत नाही, अर्धा पेटत नाही. मग लाट हळूहळू कशी वाढते? कारण नर्व्ह म्हणजे हजारो तंतूंची जुडी. कमी प्रवाहात जुडीतले जाड आणि जवळचे तंतू पेटतात, वाढवत गेलं की उरलेले सामील होतात. सगळे सामील झाले की वाढ थांबते. त्याच्यावर आणखी २० ते २५ टक्के प्रवाह चढवून मगच वाचन नोंदवायचं. रुग्णाच्या चेहऱ्यावर त्रास दिसतो म्हणून आधीच हात आखडता घेतला तर काही तंतू पेटायचे राहून जातात, लाट खुजी येते, आणि तंतू मेले आहेत असं खोटंच दिसतं. रुग्णाला दोन झटके कमी बसावेत म्हणून चुकीचा रिपोर्ट देणं ही त्याच्यावरची दया नव्हे. उलट प्रवाह भरमसाट वाढवला तर तो शेजारच्या अल्नर नर्व्हपर्यंत पसरतो आणि भलतेच स्नायू उडतात. अशा वेळी लाटेची चण बदलते आणि अंगठ्याऐवजी सगळा पंजाच वळतो. म्हणून एक डोळा पडद्यावर आणि एक हातावर हवा.

लाटेची सुरुवातही नीट बघावी लागते. स्नायूच्या मध्यावर, म्हणजे नर्व्ह स्नायूत शिरते तिथेच इलेक्ट्रोड असेल तर लाट सरळ रेषेवरून थेट वर उचलली जाते. आधी खाली बुडून मग वर आली, तर इलेक्ट्रोड जागेवर नाही. तो काढून पाच मिलिमीटर सरकवायचा. बुडालेल्या लाटेची सुरुवात नेमकी कुठून धरायची हे ठरत नाही, आणि सुरुवातच ठरली नाही तर पुढचं गणित कशावर करणार?

आता गणित. मनगटावर झटका दिल्यापासून लाट उठेपर्यंत समजा ३.६ मिलिसेकंद लागले. अंतर ८० मिलिमीटर. सरळ भागाकार केला तर वेग सेकंदाला २२ मीटर येतो, जो खरा नाही. या ३.६ मध्ये तंतूच्या बारीक होत गेलेल्या शेंड्यांचा प्रवास आहे, तंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर जाणारा मिलिसेकंदभर वेळ आहे, स्नायू स्वतः पेटायला लागणारा वेळ आहे. म्हणून कोपराच्या आतल्या बाजूला, धमनीचा ठोका लागतो त्याच्या शेजारी, दुसरा झटका द्यायचा. तिथून ७.८ मिलिसेकंद लागले. दोन्हींत शेवटचा टप्पा समान आहे, तो वजाबाकीत उडतो. उरले ४.२ मिलिसेकंद. कोपर ते मनगट टेपने मोजलं, २३० मिलिमीटर. भागाकार ५४.८, म्हणजे सेकंदाला सुमारे ५५ मीटर. प्रत्येक प्रयोगशाळेची आपली मर्यादा असते, पण मोठ्या माणसाच्या मीडियन नर्व्हला ४९-५० च्या वर वेग, ४ मिलिव्होल्टच्या वर उंची आणि मनगटापासूनचा वेळ ४.४ मिलिसेकंदांच्या आत, हे सर्वसाधारण समजलं जातं. नवजात बाळाचा वेग याच्या निम्माच असतो, मायलिन चढत जातं तसा तो वाढतो आणि तीन ते पाच वर्षांच्या सुमारास मोठ्यांच्या बरोबरीला येतो.

यंत्र मिलिसेकंदाचा दहावा भाग अचूक सांगतं, टेप मात्र माणसाच्या हातात असते. वरच्या उदाहरणात टेप १ सेंटिमीटर जास्त पडली तर वेग ५७ होतो. अंतर १० सेंटिमीटरच असतं तर तेवढीच चूक दहा टक्क्यांची झाली असती. म्हणून दोन जागांमध्ये निदान दहा सेंटिमीटर अंतर ठेवायचं आणि टेप लावायच्या आधी कॅथोडच्या जागेवर पेनाची खूण करायची. अल्नर नर्व्ह मोजताना आणखी एक पेच असतो. ती कोपराच्या मागून वळसा घेऊन जाते. हात सरळ असताना ती तिथे सैल, थोडी गोळा झालेली असते, म्हणजे तिची खरी लांबी टेपच्या लांबीपेक्षा जास्त. कमी अंतराला तेवढाच वेळ म्हणजे वेग खोटाच कमी. यासाठी कोपर ७० ते ९० अंशांत वाकवून झटके द्यायचे आणि त्याच अवस्थेत टेप वळवून अंतर घ्यायचं. मोजण्याआधी हात सरळ केला की सगळी मेहनत वाया.

रिपोर्ट वाचताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. लाटेची उंची सांगते की किती तंतू जिवंत आहेत. वेग सांगतो की त्यांच्यावरचं मायलिन शाबूत आहे का. मधुमेहात पायाच्या लांब तंतूंची टोकं आधी मरतात, म्हणून उंची घटते आणि वेग बराच काळ ठीकठाक राहतो. मायलिनच्या आजारात वेग निम्म्यावर येऊ शकतो. मनगटातल्या बोगद्यात नर्व्ह दबते तेव्हा बहुतेकदा संवेदनेचे तंतू आधी कुरकुरतात. त्यांची लाट मिलिव्होल्टमध्ये नसते, मायक्रोव्होल्टमध्ये असते, म्हणजे हजारपट लहान, म्हणून दहा-वीस झटक्यांची सरासरी घेऊन ती विजेच्या गोंगाटातून वेगळी काढावी लागते. तिथे आम्ही तळहातावर झटका देऊन मनगटावर वाचन घेतो, मीडियन आणि अल्नर दोन्हींवर, बरोबर ८ सेंटिमीटरच्या अंतराने. फरक ०.४ मिलिसेकंद किंवा जास्त असेल तर मीडियन मनगटातच अडली आहे. एकाच हाताच्या दोन नर्व्हची तुलना केल्यामुळे तापमान, वय, उंची हे सगळे प्रश्न आपोआप निकाली निघतात, म्हणून ही तुलना मला सुट्या आकड्यांपेक्षा कितीतरी भरवशाची वाटते.

रचनेतले फरकही फसवतात. साधारण १५ ते ३० टक्के लोकांमध्ये मीडियनचे काही तंतू कोपर आणि मनगट यांच्या मध्येच अल्नरकडे ओलांडून जातात. अशा हाताची अल्नर मनगटावर झटका दिला की लाट उंच, कोपराखाली दिला की खुजी, आणि मध्ये तंतू अडले आहेत असा भास. मीडियनला कोपराशी झटका देऊन तीच लहानगी लाट अल्नरच्या स्नायूत मिळाली की उलगडा होतो. हे न पाहता ऑपरेशनची चर्चा सुरू होऊ नये.

सगळ्यात मोठी फसगत तारखेची. सुरीने, काचेने नर्व्ह तुटली, बोटं हलत नाहीत, आणि दुसऱ्याच दिवशी माणूस तपासणीला आला. जखमेच्या खाली झटका दिला तर लाट अगदी छान येते. तुटलेल्या जागेखालचा तुकडा मूळ पेशीपासून वेगळा झालेला असतो, पण लगेच मरत नाही. हालचालीच्या तंतूंची लाट तिसऱ्या दिवसापासून खचू लागते आणि आठवडाभरात संपते, संवेदनेची लाट दहा-अकरा दिवस घेते. तोपर्यंत तंतू तुटला आहे की नुसता दबून बधिर झाला आहे, हे या तपासणीतून कळत नाही. दोन्हींत जखमेच्या वर झटका दिला तर काही नाही, खाली दिला तर सगळं ठीक. दहा-बारा दिवसांनी पुन्हा पाहायचं. सुई घालून स्नायूचा आवाज ऐकण्याची तपासणी, म्हणजे ईएमजी, तीन आठवड्यांनंतर जास्त बोलते. पाठवणाऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर जखमेची तारीख लिहिली नसेल तर आम्ही ती विचारून घेतल्याशिवाय रिपोर्ट लिहीत नाही.

तंतूच्या टोकाशी विजेचं काम संपतं. तिथे अॅसिटिलकोलिनने भरलेल्या पिशव्या असतात; संदेश आला की कॅल्शिअम आत शिरतं, पिशव्या फुटतात, रसायन सुमारे ५० नॅनोमीटरची फट ओलांडून स्नायूवर बसतं आणि लगोलग विकर त्याचे तुकडे करतं. ही फट तपासायची तर झटके ओळीने द्यावे लागतात: सेकंदाला २ किंवा ३, एकूण दहा. वेग मुद्दाम एवढाच. दोन झटक्यांत फार कमी अंतर ठेवलं तर आधीच्या झटक्याचं कॅल्शिअम टोकात साठून राहतं आणि पुढच्याला मदत करतं. सेकंदाला तीनवर ती मदत मिळत नाही, पण हाताशी असलेल्या पिशव्या मात्र कमी होत जातात. निरोगी माणसात गरजेपेक्षा कितीतरी जास्त रसायन सुटत असल्याने काही बिघडत नाही. मायस्थेनिया या स्नायू थकण्याच्या आजारात ते घेणाऱ्या जागाच कमी झालेल्या असतात, म्हणून चौथी-पाचवी लाट पहिल्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली येते.

खरी घसरण ओळखता येते. पहिल्या-दुसऱ्या लाटेत सर्वांत मोठी पायरी, चौथ्या-पाचव्याला तळ, मग किंचित वर. हात हलला किंवा इलेक्ट्रोड सुटत आला तर घसरण वेडीवाकडी असते आणि पुन्हा घेतल्यावर तशीच येत नाही. म्हणून हात पट्ट्याने बांधायचा आणि वाचन दोन-तीनदा घ्यायचं. मग एक मिनिट स्नायू जोरात आवळायला लावून लगेच, आणि पुढे चार मिनिटांपर्यंत दर मिनिटाला पुन्हा तपासायचं. अनेकदा घसरण दुसऱ्या ते चौथ्या मिनिटात उघड होते. इथेही गार हात घसरण लपवतो. पायरिडोस्टिग्मिन या मायस्थेनियावरच्या औषधाची गोळी बारा तास आधी बंद हवी, पण तीही उपचार करणारे डॉक्टर हो म्हणाले तरच. गिळायला किंवा श्वासाला त्रास असलेल्या माणसाची गोळी तपासणीसाठी थांबवायची नसते. आणि हाताचे स्नायू ठीक आले म्हणून आजार नाही असं म्हणू नये. फक्त पापण्या पडत असतील तर चेहऱ्याचे किंवा मानेजवळचे स्नायू तपासायला हवेत.

शरीरातला दुसरा संदेश हार्मोनचा. त्याला तार नाही. तो रक्तात सुटतो आणि सगळीकडे पोचतो. ज्या पेशीकडे तो ओळखणारा ग्राही (रिसेप्टर) आहे तीच ऐकते. कॉर्टिसॉल हे स्टेरॉइड हार्मोन पेशीच्या आत शिरून जनुकांचं काम बदलतं, म्हणून त्याचा बराचसा परिणाम दिसायला तास लागतात. या दोन व्यवस्था अगदी वेगळ्याही नाहीत. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये अशा चेतापेशी आहेत ज्या विजेने पेटतात आणि टोकाशी हार्मोन सोडतात, तेही पिट्युटरी ग्रंथीकडे जाणाऱ्या अगदी आखूड रक्तवाहिन्यांत. तिथून एसीटीएच हे हार्मोन निघतं, मूत्रपिंडावर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथीला गाठतं, आणि ती कॉर्टिसॉल सोडते. कॉर्टिसॉल वाढलं की वरच्या दोघांचा आवाज खाली येतो.

ही साखळी कुठे तुटली ते पाहायला सिनॅक्थेन, म्हणजे कृत्रिम एसीटीएच, टोचून तपासणी करतात. ती दिसायला साधी, पण चुकायला सोपी. सकाळी आठ-नऊच्या सुमारास शिरेत कॅन्युला घालायचा. कॉर्टिसॉल पहाटे चढतं, उठायच्या वेळी कमाल असतं आणि मध्यरात्री तळाला असतं, त्यामुळे वेळ न लिहिलेला सुटा आकडा निरुपयोगी. पहिली नळी कॉर्टिसॉलची. सोबत एसीटीएचची, आणि ती इंजेक्शनच्या आधीच घ्यायला हवी. एसीटीएच नाजूक असतं: रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएची प्लास्टिकची नळी, लगेच बर्फात, लगेच थंड सेंट्रिफ्यूजमध्ये. काचेला ते चिकटतं, आणि खोलीच्या तापमानाला रक्तातली विकरं त्याचे तुकडे करतात. नळी तासभर टेबलावर राहिली तर आकडा खोटाच कमी येतो, आणि दोष अॅड्रिनलचा असताना बोट पिट्युटरीकडे जातं. मग २५० मायक्रोग्रॅम टेट्राकोसॅक्टाइड, म्हणजेच सिनॅक्थेन, शिरेत किंवा स्नायूत. बरोबर ३० मिनिटांनी दुसरी कॉर्टिसॉलची नळी, अनेक ठिकाणी ६० मिनिटांनी तिसरी. प्रत्येक नळीवर घड्याळातली वेळ, तिथल्या तिथे. दोन नळ्यांची चिकटपट्टी अदलाबदल झाली तर कॉर्टिसॉल इंजेक्शननंतर उतरल्यासारखं दिसतं.

जुन्या पद्धतीच्या इम्युनोअॅसेवर (प्रतिपिंडांच्या मदतीने मोजण्याच्या पद्धतीवर) लिटरला ५०० ते ५५० नॅनोमोल, म्हणजे डेसिलिटरला १८ ते २० मायक्रोग्रॅम, यावर पोचलं तर ग्रंथी ठीक समजायची. नव्या, जास्त नेमक्या पद्धतींवर हीच रेषा ४०० ते ४५० च्या आसपास येते. म्हणून प्रयोगशाळेने कोणत्या पद्धतीने मोजलं हे रिपोर्टवर असायलाच हवं. कॉर्टिसॉल कमी आणि एसीटीएच खूप जास्त असेल तर दोष ग्रंथीत; एसीटीएच कमी किंवा नुसतं साधारण असेल तर वर, पिट्युटरीत किंवा हायपोथॅलॅमसमध्ये.

औषधांची चौकशी इथे तपासणीइतकीच महत्त्वाची आहे. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे कॉर्टिसॉलच, ते आदल्या संध्याकाळपासून घेतलेलं नसावं. प्रेडनिसोलोन अनेक इम्युनोअॅसेना कॉर्टिसॉलच वाटतं, डेक्सामेथासोन वाटत नाही. इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी कॉर्टिसॉलला बांधून ठेवणारं प्रथिन वाढतं, एकूण आकडा फुगतो, आणि मंद ग्रंथीही पास होते. त्या सहा आठवडे आधी बंद लागतात. दम्याचा पंप, त्वचेचं मलम, सांध्यातलं इंजेक्शन हे लोकांना स्टेरॉइड वाटतच नाही, म्हणून एकेकाचं नाव घेऊन विचारावं लागतं. आणि रक्तदाब कोसळलेला, उलट्या होत असलेला, अॅड्रिनल निकामी झाल्याचा दाट संशय असलेला रुग्ण समोर असेल तर ही तपासणी करत बसायचं नाही. रक्त काढून ठेवायचं आणि लगेच १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन द्यायचं.

तुटलेल्या नर्व्हची तारखेची फसगत इथेही तशीच्या तशी भेटते. पिट्युटरीवर ऑपरेशन झालं, एसीटीएच थांबलं, आणि आठवड्याभरात सिनॅक्थेन केलं, तर निकाल नॉर्मल. अॅड्रिनल अजून आकसलेली नाही. तिला एवढा मोठा डोस मिळाल्यावर ती जोमाने उत्तर देते. तिला सुकायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढ्या काळात सकाळचं कॉर्टिसॉल आणि रुग्णाची लक्षणं यांवर निर्णय घ्यावा लागतो, या तपासणीवर नाही.

हार्मोनच्या संदेशात तालालाही अर्थ असतो. हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच, म्हणजे पिट्युटरीला प्रजननाची हार्मोनं सोडायला लावणारं हार्मोन, साधारण तास-दीड तासाला एकेका ठोक्याने सुटतं. १९७८ मध्ये अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने माकडांवर दाखवलं की तेच हार्मोन तासाला एक ठोका असं दिलं तर पिट्युटरी चालते, आणि सलग ओतत राहिलं तर ती बंद पडते. प्रोस्टेटच्या कर्करोगात आणि अवेळी वयात येणाऱ्या मुलांत या बंद पडण्याचाच औषध म्हणून उपयोग करतात. वाढीचं हार्मोनही ठोक्यांनी सुटतं, म्हणून त्याची एक सुटी नळी काहीच सांगत नाही. जास्त असल्याचा संशय असेल तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तास दर अर्ध्या तासाला रक्त घेतात आणि ते दबतं का ते पाहतात.

थायरॉइडची चाल याच्या उलट, संथ. एसीटीएच रक्तात दहाएक मिनिटांत निम्मं होतं, थायरॉक्सिनला (टी-फोरला) आठवडा लागतो. म्हणून थायरॉक्सिनच्या गोळीचा डोस बदलला की टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालवणारं पिट्युटरीचं हार्मोन, सहा ते आठ आठवड्यांनी बघायचं; पंधरा दिवसांत बघून पुन्हा डोस हलवला की रुग्ण महिनोन्‌महिने वरखाली होत राहतो. रिपोर्टवर टी-फोर भरपूर आणि टीएसएचही चढलेलं, असं जोडीने दिसलं तर आम्ही आधी गोळ्यांबद्दल विचारतो. अनेकदा दोन महिने गोळ्या चुकलेल्या असतात आणि तपासणीच्या आदल्या चार दिवसांत नेमाने घेतलेल्या असतात: टी-फोर लगेच वर येतं, टीएसएचला उतरायला आठवडे हवेत. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेणाऱ्यांत उलटं चित्र उमटू शकतं. बायोटिनवर चालणाऱ्या काही किट्समध्ये टीएसएच खोटं कमी आणि टी-फोर खोटं जास्त येतं, आणि थायरॉइड जास्त काम करत असल्याचा हुबेहूब देखावा तयार होतो. ते निदान दोन दिवस, डोस मोठा असेल तर त्याहून जास्त दिवस बंद करून पुन्हा नळी घ्यावी. आणि तपासणीच्या सकाळची थायरॉक्सिनची गोळी रक्त दिल्यावर घ्यावी, कारण गोळीनंतर दोन ते चार तास टी-फोर वर चढलेलं असतं.